ट्रेलरमधली माफी

पेण, ता. ४ एप्रिल १९९४

ती. ताईस,

वर काय लिहावं इथेच अर्धा तास गेला. 'तीर्थरूप' लिहिलं तर म्हणशील टोमणा मारते, 'प्रिय' लिहिलं तर म्हणशील डोक्यावर चढून बसली. नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिलेली नाही, सवय मोडली आहे. शेवटी दीनामावशीने शाळेत पट्टी मारून शिकवलं होतं तसंच लिहिलं.

तुझं कार्ड शनिवारी आलं. पोस्टमन काळुरामने ते वाचूनच आणलं होतं, कारण देताना म्हणाला, "विमलबाय, मिटलं की वो तुमचं." म्हणजे आता गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं. मी पापडाच्या पिठात कोपरापर्यंत होते. तशाच हाताने कार्ड धरलं, अजून त्याला पीठ चिकटलेलं आहे. सात वेळा वाचलं. "विमल, काल टॉकीजमधी तुला बघितली. येवढ्या माणसांसमोर हात जोडून, रडून, ताई मला माफ कर म्हणालीस. केली माफ. शांतीचं लगीन ८ मेला हाय. चुडा ६ तारखेला, शुक्रवारी. चुडा भरताना मावशीनं हात धरायचा असतो. ये."

ताई, खोटं कशाला बोलू, मी रडले. हौसा माझ्याकडे लाट्या करायला येते, ती म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं, कोणी गेलं नाही, आलं. शांतीला मी शेवटची पाहिली तेव्हा ती अकराची होती आणि दर मे महिन्यात इथे येऊन कच्च्या लाट्या चोरून खायची. मला मूलबाळ नाही हे तुला सांगायला नको. ती एकच होती. तिचं लग्न माझ्याशिवाय होणार या विचाराने माझी दोन वर्षं झोप नीट नव्हती, आणि तू एका कार्डावर बोलावलंस. तुझं मन मोठं आहे. लहानपणी नव्हतं, पण आता झालं आहे.

सिनेमाचं म्हणशील तर ते असं झालं. पौषात मुंबईची मंडळी इथे सिनेमा काढायला आली, चाळीस माणसांचं जेवण माझ्याकडे होतं. मोलकरणीचं काम करणाऱ्या बाईला इथलं पाणी बाधलं. कमळाकर म्हणून त्यांचे दिग्दर्शक आहेत, ते म्हणाले, विमलबाई, तुम्हीच उभ्या राहा. मी म्हटलं, आमटी चुलीवर आहे. ते म्हणाले, आमटी मी बघतो. आमटी लागली, पण माझं काम चांगलं झालं म्हणतात.

तर ट्रेलरमध्ये तू पाहिलंस तेच सगळं. मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं, तुला जे ऐकायचं होतं ते तू ऐकलंस. आता त्यासाठी अख्खा सिनेमा बघायची काही गरज नाही. उन्हाचे दिवस आहेत.

आईच्या पाटल्यांचा विषय आता काढायला नको. झालं गेलं गंगेला मिळालं.

चुड्याला येते. सहा तारखेला सकाळच्या पहिल्या एस.टी.ने.

तुझी,
विमल

पेण, ता. १२ एप्रिल १९९४

ताई,

तुझं पत्र मिळालं. वाचून मला घाम फुटला. म्हणजे उन्हाळा आहेच, पण त्याच्यावर आणखी.

तू आळीतल्या वीस बायका घेऊन २२ तारखेला 'थोरल्या ताईचा चुडा' बघायला जाणार, इथपर्यंत ठीक. पण शांतीच्या होणाऱ्या सासूला आणि तिच्या दोन नणंदांनाही नेणार? लग्नाला पंधरा दिवस असताना व्याह्यांना सिनेमाला नेतात का कोणी? उद्या त्यांना सवय लागेल. शिवाय तुमच्या टॉकीजच्या खुर्च्यांत ढेकूण आहेत असं मी ऐकलं आहे. कोणाकडून ते आठवत नाही, पण ऐकलं आहे. विहीणबाईंना ढेकूण चावला तर नाव कोणाचं खराब होईल?

आणि ताई, तू म्हणतेस, "तुझी माफी पुरती ऐकायची हाय, ट्रेलरमधी पटकन कापली." अगं, जे होतं ते तेवढंच होतं. पुढे काही विशेष नाही. पुढे मी बहुतेक बाहेर जाते.

सिनेमा तसा लांबट आहे. लग्नघराची गोष्ट आहे. ताईसाहेब म्हणून घरातली थोरली बाई असते, कडक. तिच्यापुढे कोणी बोलायचं नाही. ती सुरुवातीला अर्ध्या तासात जरा आजारी पडते. मग ती फारसं बोलत नाही. घरातली सगळी तिची खूप काळजी घेतात, तिला एकटं सोडत नाहीत. लग्न पार पडतं. एवढीच गोष्ट. त्यात बघायला काय जायचं?

ताईसाहेबांचं काम कोणी केलं आहे सांगू? आपल्या दीनामावशीने. मुंबईच्या मोठ्या नट्यांनी नाही म्हटलं. का म्हटलं ते मला विचारू नकोस. मावशीचं काम मोठं आहे, शेवटपर्यंत पडद्यावर आहे. संवाद मात्र कमी आहेत. तिने लेकाला, जोसेफला, इस्रायलला एक फोटो पाठवला होता शूटिंगचा. फोटो पोचताच त्याचा घाबरून फोन आला शेजारच्या दुकानात. आता का घाबरला ते विचारू नकोस.

आमच्या ह्यांना मी म्हटलं, ताईला सिनेमाला जाऊ नको म्हणून काय लिहू? हे गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतात, तिथे दिवसभर बोलायचं नसतं, तीच सवय घरी. तासाभराने म्हणाले, "खरं लिही." मी म्हटलं, तुम्ही डोळे आखा.

तर ताई, २२ तारखेला बाकी काहीतरी कर. धाटावला कोणाकडे जा. हळदकुंकू ठेव. मी पापड पाठवते, ते तळ.

तुझी,
विमल

ता.क. महिपती भाऊजींना मात्र अजिबात नेऊ नकोस. त्यांना कंपनीत शिफ्ट असेल तर ती बदलून घेऊ देऊ नकोस.

पेण, ता. १६ एप्रिल १९९४

ताई,

काल इथे सिनेमा लागला. आता काही लपवण्यात अर्थ नाही, कारण पेणला सगळ्यांना कळलं आहे आणि पेणला कळलं ते रोह्याला कळायला एका एस.टी.चा अवकाश.

आठवडाभर रिक्षा फिरत होती भोंगा लावून. "माता-भगिनींनो, थोरल्या ताईचा चुडा, एका त्यागाची अश्रूंनी भिजलेली कहाणी. येताना दोन रुमाल आणा, एक पुरणार नाही." दुपारचा खेळ बायकांसाठी राखलेला. आमचं भजनी मंडळ झाडून सगळं आलं. मधल्या रांगेत हौसा आणि मी. माझ्या दुसऱ्या बाजूला दीनामावशी, नवं पातळ नेसून.

पहिली वीस मिनिटं ठीक गेली. सनई, मांडव, हळद. बायकांनी रुमाल काढून मांडीवर ठेवले. मग ताईसाहेबांचा पुतण्या त्यांच्या शेवयांच्या खिरीत उंदराचं औषध घालतो.

व्हय ताई. विष. आजारीबिजारी काही पडत नाही ती, मरते. खून होतो. आणि दुसऱ्या दिवशी लग्न. सुतक लागलं तर लग्न मोडेल म्हणून घरातली सगळी मिळून प्रेत लपवतात. तिला शालू नेसवतात, डोळ्याला काळा चष्मा लावतात, तोंडात विडा कोंबतात आणि मांडवात खुर्चीवर बसवतात. पाहुणे येऊन पाया पडतात. चौकशीला आलेला हवालदार पाया पडतो आणि आशीर्वाद मिळाला म्हणून खूश होऊन जातो. नवऱ्या मुलाची आई तिच्याजवळ बसून आपलं सगळं दुःख सांगते आणि उठताना म्हणते, "किती शांतपणे ऐकून घेतात हो, आमच्याकडे असं कोणी नाही."

हा असा सिनेमा आहे. ट्रेलरमध्ये यातलं एक अक्षर नाही. मी कमळाकरांना विचारलं होतं, असं का केलंत? ते म्हणाले, विमलबाई, आपल्याकडे बायका रडायला तिकीट काढतात, मेलेल्यावर हसायला नाही काढत. म्हणून सिनेमात जिथे जिथे कोणाच्या डोळ्यांत पाणी आहे तेवढे तुकडे कापून एकाला एक जोडले, मागे सनई लावली.

इथल्या टॉकीजमध्ये आधी पाच मिनिटं कोणाला काही कळेना. एक म्हातारी प्रेताला बघून मोठ्याने रडली, तिला वाटलं हाच तो त्याग. मग हवालदार पाया पडला आणि हौसाला हसू फुटलं. तिचं हसणं तुला आठवतं ना, पत्र्यावर पाऊस पडावा तसं. तिच्यामागे सगळं टॉकीज. रुमाल लागले, पण तोंडात कोंबायला.

दीनामावशी तेवढी गंभीर होती. आपलं काम बारकाईने बघत होती. मध्येच मला म्हणाली, "इथे मी श्वास घेतला बघ. दिसलं." तिची शूटिंगला एकच अट होती. कमळाकरांना पहिल्याच दिवशी बजावलं, "शनिवारी मी मरणार नाय. आमचा ज्यूंचा शब्बाथ असतो, कामाला सुट्टी." ते म्हणाले, मावशी, तुम्हाला नुसतं पडून राहायचं आहे. ती म्हणाली, "पडून राहणं हे काम असेल तर शनिवारी करता येत नाही. आणि काम नसेल तर मला बोलावता कशाला?" चार शनिवार शूटिंग बंद होतं. अख्ख्या इस्रायलात तिच्याइतका शनिवार कोणी पाळत नसेल.

आता मुद्द्याचं. माझा प्रसंग.

मी मोलकरीण आहे. ताईसाहेबांना नटवून बाहेर न्यायच्या आधी मी न्हाणीघरात त्यांच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या चोरून काढते. हात ताठ झालेला, बांगड्या निघत नाहीत. म्हणून मी साबण लावते. तू जे जोडलेले हात पाहिलेस ना, ते जोडलेले नाहीत. मी दोन्ही हातांनी फेस करते आहे. फेस खाली आहे, ट्रेलरमध्ये नुसतं तोंड आणि बोटांची टोकं दाखवली आहेत. डोळ्यांतलं पाणीही साबणाचं. आणि जे वाक्य तू ऐकलंस, "ताई, मला माफ कर," ते तिथे संपत नाही. पुढे आहे. "ताई, मला माफ कर, पण हात जरा सैल सोड गो."

यावर टॉकीज इतकं हसलं की पुढची दोन वाक्यं कोणाला ऐकू आली नाहीत.

तेव्हा ताई, ती तुझी माफी नव्हती. मी तुझी माफी मागितलीच नाही. तू एका बाईला प्रेताच्या बांगड्या चोरताना पाहिलंस आणि तिला माफ केलंस. मला हे पहिल्याच पत्रात लिहायचं होतं, पण तुझ्या कार्डावर "ये" लिहिलं होतं. नऊ वर्षांनी "ये" म्हटल्यावर कोण म्हणेल, थांब, आधी पुढचं वाक्य ऐक?

वीस बायका आणि विहीणबाईंसमोर हे बघायला जाऊ नकोस. बाकी ढेकणांचं मी मनाने रचलं होतं. संवाद लिहिणारे सिनेमावाले, त्यात माझं काही नाही.

तुझी,
विमल

पेण, ता. २० एप्रिल १९९४

ताई,

उत्तर नाही. पेणचं पत्र रोह्याला दोन दिवसांत पोचतं, म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलीस. तुझं गप्प बसणं मला लहानपणापासून ठाऊक आहे. बोललीस की राग जातो, गप्प बसलीस की मुक्कामाला येतो.

काल दीनामावशी पापड न्यायला आली. बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "विमल, तुला एक विचारू? मी त्या दिवशी डोळे मिटून पडले होते. दिसत नव्हतं, पण हात माझा होता. तू साबण लावलास तो नवशिक्या हाताने नाही लावलास. अंगठ्याचं हाड आत दाबायचं, मग बांगडी फिरवायची, हे तू आधी कुठे केलंयस?"

ती आपली मास्तरीण. तिच्यापुढे चौथीत खोटं बोलता आलं नाही, आता काय येणार. तिला सांगितलं. तिला सांगून झाल्यावर तुला न सांगणं बरं दिसत नाही.

मागच्या पत्रात मी आणखी एक खोटं लिहिलं. ते वाक्य सिनेमावाल्यांचं नाही. कागदावर होतं, "ताईसाहेब, माफी असावी." एवढंच. बाकीचं माझ्या तोंडून आलं. कमळाकर ओरडले, वा, हेच ठेवा. त्यांना वाटलं मी गमतीशीर बाई आहे.

आई गेली त्या दिवशीचं तुला माहीत आहे तेवढं असं. तू बातमी कळल्या कळल्या निघालीस, नागोठण्याला अंबा नदीचं पाणी पुलावर आलं, तुझी गाडी सहा तास अडकली. इथे पाऊस जरा उघडला म्हणून माणसांनी घाई केली. तू आलीस तेव्हा सगळं झालं होतं. तू आईचं तोंड पाहिलं नाहीस. त्यासाठी मी तुझी तेव्हाही माफी मागितली होती, पण तू पाटल्यांवर आलीस, आणि मग मीही तुझ्यावर आले.

तू विचारलंस, "आयेच्या हातातल्या पाटल्या कुठं हायत? तीस वर्षं उतरल्या नव्हत्या." मी म्हटलं, हात मोकळेच होते. तेराव्याच्या जेवणावरून तू उठून गेलीस.

हात मोकळे नव्हते, ताई.

आई चार माणसांसमोर म्हणाली होती, पाटल्या थोरलीच्या. मी चार वर्षं तिचं अंथरूण धुतलं, तिला भरवलं, आणि पाटल्या थोरलीच्या. मला सोनं नको होतं. तिने माझं नाव घ्यायला हवं होतं. लिहिताना हे किती लहान वाटतं, पण तेव्हा माझ्या छातीवर धोंडा होता.

पहाटेची ती गेली. हे माणसांना सांगायला बाहेर गेले. मी आणि आई दोघीच. मी अंगाचा साबण घेतला. आपण लहान असताना कासार यायचा, आठवतं? तू हात आवळून धरायचीस, आणि आई मागून तुझं कोपर धरून म्हणायची, "हात सैल सोड गो, काकण फुटंल." मी तेच म्हटलं. "आये, मला माफ कर, पण हात जरा सैल सोड गो." वेडीसारखं दोनदा म्हटलं. आणि खरं सांगते, उजवा हात सैल झाला. पाटली निघाली.

डावा नाही झाला. मूठ अशी आवळलेली की साबण संपत आला तरी हलेना. तेवढ्यात माणसं दारात आली. मी चादर ओढून हात झाकला. म्हणजे मी एकच घेतली. खरं सांगायचं तर दोन्ही घेणार होते. दुसरी तिच्याबरोबर गेली. आणि तुला एक दाखवली असती तर तू म्हणाली असतीस, दुसरी कुठे लपवलीस? म्हणून एकही दाखवली नाही. चोरीसुद्धा मला पुरती जमली नाही.

काल रात्रीच्या जेवणाला हे ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मला तेव्हाच दिसलं होतं." मी म्हटलं, नऊ वर्षं बोलला नाहीत? म्हणाले, "डोळे आखणाऱ्याने दिसतं ते सगळं सांगायचं नसतं." अशा माणसाबरोबर मी राहते.

ती पाटली नऊ वर्षं पापडखाराच्या डब्यात तळाशी आहे. एकदाही हातात घातली नाही. शांतीची आहे. मला चुड्याला बोलवू नकोस, मी समजेन. पोस्टावर भरवसा नाही, ह्यांच्याबरोबर १ मेच्या रविवारी पाठवते. तिच्या हातात घाल आणि मावशीने दिली म्हणू नकोस.

आणि एक. कागदावर 'ताईसाहेब' लिहिलं होतं. आईला मी 'आये' म्हटलं होतं. कॅमेऱ्यासमोर माझ्या तोंडून 'ताई' आलं. ते कुठून आलं मला तेव्हा कळलं नाही. डोळ्यांत साबण गेला होता, पण सगळंच पाणी साबणाचं नव्हतं.

ताई, मला माफ कर.

यापुढे वाक्य नाही. इथेच संपतं.

विमल

रोहा, ता. २४ एप्रिल १९९४

विमल,

तुझं पत्र काल शनवारी आलं. मी सिनेमा शुक्रवारीच बघितला. नको नको म्हणालीस म्हणून गेले. जायचं तर जा म्हणाली आसतीस तर गेले नसते.

वीस बायका नेल्या, विहीणबाय नेली. आमचे हे पण शिफ्ट बदलून आले. विहीणबाय त्या मुक्या ताईसाहेबाला बघून येवढी हसली का खुर्चीवरून घसरली. बाहेर येऊन म्हणाली, कृष्णाबाय, तुमचं घराणं लय मजेचं दिसतंय. लगीन पक्कं हाय, काळजी करू नको. ढेकूण हायत, ते तू खरंच लिवलंस.

सगळी हसली. मी नाय हसले. तू साबण लावलास आन हात सैल सोड गो म्हणालीस तवा माझ्या आंगावर काटा आला. ते आयेचं बोलणं हाय. दुसरं कुणी बोलत नाय तसं. मला तिथंच कळलं, तुझ्या पत्राची वाट बघाया लागली नाय. ट्रेलरमधी तू माझी माफी मागितलीस ते मला गोड लागलं. सिनेमात खरी मागितलीस.

आता माझं आयक. दोन दिवस पेन हातात घेऊन बसलीय.

आयेची राख सावडाया आमचे हे गेले होते. येताना धोतराच्या सोग्यात काय तरी बांधून आणलं. काळी पडलेली, वाकडी झालेली पाटली. एक. माझ्या हातात दिली आन म्हणाले, ही घे, पन गप बस. म्हंजे तेराव्याला मी तुला पाटल्या कुठं हायत विचारलं तवा एक माझ्या कमरेलाच होती.

एक राखेत गावली म्हंजे दुसरी तुझ्याकडं, येवढं गणित मलाबी येतं, दीनामावशीनं मला दोनदा नापास केली तरी. मी ठरवलं, विमल कबूल होईल तवा मी माझी काढीन. तू कबूल झाली नायस. मग मी कशी काढू? काढली आसती तर तू म्हणाली आसतीस, ही बघा मोठी साव. नऊ वरसं तांदळाच्या कणगीत होती. दरवेळेस तांदूळ काढताना तुला शिव्या दिल्या, आन मग मलापन दिल्या.

मला लय वाईट वाटत होतं का आयेनं शेवटी माझं तोंड बघितलं नाय. तुझं पत्र वाचून एक मनात आलं. तू म्हणतेस उजवा हात सोडला, डावा सोडला नाय. चार माणसांसमोर माझं नाव घेतलं, पन चार वरसं कोन करत होतं ते तिला कळत होतं. म्हणून एक तुला दिली. दुसरी आवळून धरली, मी येईस्तोवर. मी उशिरा पोचले, तरी माझ्यापरयंत आली.

बाबाजी भाऊजींना रविवारी पाठवू नको. तू सोता घेऊन ये, सहा तारखेला. सोनार म्हणाला वाकडी सरळ करून देतो. मी नको म्हणलं. शांतीच्या एका हातात तुझी सरळ, एका हातात माझी वाकडी. कुनी विचारलं तर सांगू, आजीच्या हायत.

दीनामावशीला आण. शनवारी ती मरत नाय पन लग्नघरात बसल का ते इच्यार. तिला खुर्चीवर बसवू आन सगळ्यांना पाया पडाया लावू.

कासार दुपारी येनार. शांतीचा हात आयेवर गेलाय, रुंद. येताना साबण आण.

कृष्णा